आबांचा तीनदा अर्धा राहिलेला पिक्चर

वडगाव रासाईत आम्ही ज्यांच्या खोलीत भाड्यानं राहायचो, त्या आबांनी एक इंग्रजी पिक्चर तीनदा बघितला होता आणि तिन्ही वेळा शेवट सोडून उठावं लागलं होतं. चौथ्यांदा त्यांनी तो घरी, टीव्हीवर, एका गुरुवारी दुपारी लावला. त्या दिवशी मी तिथं होते. तो पिक्चर बघितला नसता तर मी दोन दिवस आधी बोलले असते का, याचा मी अधूनमधून विचार करते. बहुतेक नसतेच बोलले. पण पिक्चरनं मला न बोलण्याचं एक कारण दिलं, एवढं खरं.

आधी आमची परिस्थिती सांगते. मी यवतमाळच्या पांढरकवड्याकडची. नववीत असताना शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. आमच्याच गावची एक बाई रांजणगावच्या कंपनीत सहा वर्षं ठेकेदाराकडून कामाला होती. तिला सगळे ताई म्हणायचे, मीही म्हणते. तिनं मला आणलं, ठेकेदारापुढं उभं केलं, आपल्या खोलीत जागा दिली, पहिल्या महिन्यात आपले सेफ्टी शूज घालायला दिले. ते एक नंबर मोठे होते, मी पुढं कापूस भरायची. कंपनीची बस न्हावऱ्याला यायची. तिथपर्यंत ताईच्या स्कुटीवर, मी मागं.

आमचं काम तपासणीचं. मशीनमधून लोखंडी पिना निघायच्या. दर दोन तासांनी पाच पिना उचलायच्या, मायक्रोमीटरनं त्यांची जाडी मोजायची आणि आकडे चेकशीटवर लिहायचे. आठ, दहा, बारा, दोन अशी चार घरं. खाली सही. आता हे लिहायला लाज वाटते, पण लायनीवर सगळ्यांची एक पद्धत होती. सही सकाळी आल्या आल्या करून टाकायची, कारण सुटायच्या वेळी बस पकडायची घाई. आणि काम अंगावर आलं की पुढच्या घरांतले आकडेही आधीच भरून ठेवायचे. पिना सकाळपासून सारख्याच निघत असतात, तर दुपारच्याही तशाच निघणार, असा हिशेब.

त्या मंगळवारी साडेअकराला ताईला चक्कर आली. तिला फर्स्ट एडच्या खोलीत नेऊन झोपवलं. जाताना ती म्हणाली, "माह्या मशीनकडं पाय." माझी मशीन आणि तिची मशीन शेजारी. मी दोन्हीकडं बघायला लागले आणि गडबडीत तिच्या शीटवर बाराचे आणि दोनचे आकडे एकदमच लिहून टाकले. सही तिची होतीच. त्यानंतर पाच-दहा मिनिटांत तिच्या मशीनचं टूल तुटलं. मशीन थांबली ती शिफ्ट संपेपर्यंत सुरूच झाली नाही. शीट तशीच राहिली. मला आठवलंच नाही.

बुधवारी लायनीच्या सुपरवायझर सरांनी ती शीट ताईसमोर धरली. मी दोन पावलांवर होते.

"मशीन पावणेबाराला बंद," सर म्हणाले. "आणि बाराला अन् दोनला तुम्ही पाच-पाच पिना मोजल्या. बंद मशीननं पिना काढल्या का? का तुम्ही घरून आणल्या होत्या?"

लायनीवरची पोरं हसली. ताईनं शीटकडं बघितलं. अक्षर माझं आहे हे तिला पहिल्याच नजरेत कळलं असणार, माझे सातचे आकडे इतरांसारखे नसतात. ती म्हणाली, "सही माही आहे, सर."

"ते दिसतंय. शनिवारी बोलतो ठेकेदाराशी. कार्ड जमा करायच्या तयारीत राहा."

त्या वर्षी कंपनी ठेकेदाराच्या काही लोकांना स्वतःच्या रोलवर घेणार होती, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ताईचं नाव यादीत होतं. म्हणजे शनिवारी तिची नोकरी जाणार होती, आणि कायम होण्याची संधीही. दोन्ही माझ्या आकड्यांमुळं.

बसमध्ये मी तिला म्हटलं, "ताई, मी सांगते सरांना."

"कायले? दोघी जाऊ का मंग घरी? तुले मी आणलं. तू गप राय."

मी गप राहिले. तिनं सांगितलं म्हणून राहिले असं मी स्वतःला म्हणायची. खरं म्हणजे ती असं म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं होतं.

गुरुवारी आमची सुट्टी. ताई सकाळी रक्त तपासायला शिरूरला गेली. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात आबांनी घरातून हाक मारली.

"पोरी, ये. पिक्चर लावलाय. आमच्या हिला मेलीला इंग्रजी कळत न्हाई, तुला तरी कळंल."

"आबा, मला पण नाही येत."

"नववी झालीय ना? आमच्या हिची तिसरी. ये."

नववी झाली नव्हती, पण मी गेले.

आबा दौंडला मालगाडीवर गार्ड होते. तीस-बत्तीस वर्षं नोकरी करून गावी आले, ऊस आणि थोडी भाजी करतात. दौंडला त्या काळी रेल्वेच्या क्लबात इंग्रजी पिक्चर दाखवायचे. हा पिक्चर तिथं काही वर्षांच्या अंतरानं तीनदा आला होता. गार्डाला ड्युटीची वेळ ठरलेली नसते; गाडी तयार झाली की कॉलमन सायकलवर वही घेऊन घरी येतो, वहीत सही घेतो आणि मग तयारी करून निघायचं. घरी नसला तर क्लबात येऊन शोधतो. पहिल्या दोन वेळा कॉलमननं अंधारात येऊन आबांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"आन् तिसऱ्यांदा?" मी विचारलं.

आबांनी बायकोकडं बोट केलं. त्यांना आम्ही आक्का म्हणायचो. आक्का लसूण सोलत बसल्या होत्या.

"हिच्या कळा सुरू झाल्या. निरोप आला क्लबात."

"मग काय करायचं व्हतं? पिक्चर सुटंपर्यंत थांबवून धरायचं व्हतं का पोर?" आक्का म्हणाल्या.

"न्हाई, पर दहा मिन्टं ऱ्हायली व्हती गं."

त्यांच्या मुलानं पुण्याहून येऊन टीव्हीला नेट जोडून दिलं होतं. आबांनी नाव विसरलेला तो पिक्चर नातवाच्या मदतीनं चार महिने शोधला होता. नटीच्या टोपीवरून शोधला, असं ते म्हणाले. ते कसं ते मला कळलं नाही.

पिक्चर काळा-पांढरा. एक लहान स्टेशन, धुकं, आणि स्टेशनावर एक बाई कॉफीचा ठेला चालवते. एक माणूस गाडीतून उतरतो. त्याचा ओठ फाटलेला आहे, हातात चामडी बॅग. ती त्याला कॉफी देते, पुसायला रुमाल देते. खाली इंग्रजीत ओळी येत होत्या. मी अक्षरं लावून वाचेपर्यंत दुसरी ओळ यायची. त्यामुळं आबा सांगायचे आणि मी चित्रं बघायची.

"त्यानं जवाहिऱ्याचं दुकान फोडलंय," आबा म्हणाले. "आन् वॉचमन मेलाय. हिला अजून म्हाईत न्हाई."

"चेहऱ्यावरून चांगला वाटतोय," आक्का म्हणाल्या.

"चांगलाच हाय. चोरी केली म्हणून काय झालं?"

"व्हय का! मग माझ्या भावाला पेरूचोर कशाला म्हणता?"

मग तो माणूस तिथंच राहतो. ती त्याच्या प्रेमात पडते. दोघं रूळांच्या कडेनं चालतात, भांडतात, पुन्हा चालतात. एकदा त्यानं तिला जवळ घेतलं आणि ते बराच वेळ तसेच राहिले. आबा खोकले. आक्कांनी लसणाची पाटी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "ह्या बायका घरातबी टाचंची चप्पल काढत न्हाईत. पाय कसं दुखत न्हाईत ह्यांचं?"

"अगं, तू पायाकडं कुठं बघती?"

"मग कुठं बघू? तुमच्यासारखं?"

मध्येच एक गाडी आली. शेवटच्या डब्यातून गार्ड कंदील दाखवतो. आबा उठून टीव्हीजवळ गेले. "हे बघ. असा धरत्यात व्हय कंदील? ड्रायव्हरला काय दिसणार, ह्याचं पोट? अर्धं शतक झालं, मी हेच बघतोय, आन् हा गाढव अजून तसाच धरतोय."

मला तोपर्यंत मजा येत होती. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच मी शीटचा विचार करत नव्हते. मग पिक्चरमध्ये पोलीस आले आणि त्यांनी त्या बाईच्या भावाला पकडलं. भाऊ थोडा वाया गेलेला, पत्ते खेळणारा, त्या रात्री कुठं होता ते त्याला सांगता येत नाही. तिला मात्र आता सगळं माहीत झालेलं असतं. बॅग तिनं उघडून बघितलेली असते.

"आता ही काय करणार?" आक्कांनी लसूण खाली ठेवला.

"हितंच," आबा म्हणाले. "हितंच मला तिन्ही टायमाला उठवलंय."

बाई तुरुंगात भावाला भेटायला गेली. त्याच्यासाठी सिगारेटी नेल्या. बोलली काहीच नाही. तो हसत होता, आणि तिनं हातमोजे काढले, घातले, पुन्हा काढले. मी जमिनीकडं बघायला लागले. माझ्या हाताशी आक्कांच्या लसणाची सालं होती, ती मी गोळा केली.

तेवढ्यात ताई आली. स्कुटी लावून दारातच उभी राहिली, कोपरात हात दुमडून, आत सुईच्या जागी कापूस. चेहरा उतरलेला होता.

"ये की आत," आक्का म्हणाल्या. "काय म्हणला डाक्टर?"

"रक्त कमी आहे म्हणते." तिनं टीव्हीकडं बघितलं. "हे कोन आहे?"

"हिला खरं म्हाईत हाय," आबा म्हणाले, "पर बोलत न्हाई. भाऊ अडकलाय."

"मंग भावाले फाशी देतीन का?"

"देत्याल की. बोलली न्हाई तर."

ताई थोडा वेळ बघत राहिली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "कोणावर जीव असला का तोंड उघडत नाई माणसाचं." आणि आमच्या खोलीकडं गेली. ती हे तिच्यासाठी म्हणाली की माझ्यासाठी, मला आजही सांगता येणार नाही. आत बादली ठेवल्याचा आवाज आला. ती माझेही कपडे धुवायला घेणार हे मला माहीत होतं. मी उठले नाही. शेवट बघायचा होता.

आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की शेवट काय असणार. न बघताच पन्नास वर्षं त्यांना तो ठाऊक होता. गार्डाच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये बसून मनमाडपर्यंतच्या रस्त्यात त्यांनी तो बरोबरच्या माणसांना कितीदा सांगितला होता. बाई स्टेशनमास्तरच्या खोलीत जाते, दार लावून घेते, आणि सगळं सांगून टाकते. तो माणूस बाहेर फलाटावर उभा असतो, काचेतून तिचे ओठ हलताना बघतो. पळत नाही. "एवढंच. गाडी येती, आन् तो चढत न्हाई." आबांनी हे इतकं नीट सांगितलं की ते मला आत्ता पिक्चरमधल्यासारखं दिसतं.

प्रत्यक्षात तसं काहीच झालं नाही. बाई त्याच्याबरोबर गाडीत बसली. गाडी वाटेत सिग्नलला थांबली, तो घाबरून खाली उतरला, धुक्यात पळाला, आणि पोलिसांची गोळी त्याला लागली. पोलीस कसे आले तेही धड कळलं नाही. मरता मरता तो म्हणाला की भावाचा यात हात नाही. भाऊ सुटला. बाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, गाडीनं शिट्टी दिली, संपला पिक्चर.

पडद्यावर दुसऱ्याच कशाची तरी जाहिरात सुरू झाली होती.

"हॅट्," आबा म्हणाले. "हिला बोलायची पाळीच आली न्हाई की."

"बरंच झालं," आक्का म्हणाल्या. "वाचली बिचारी. भाऊबी सुटला आन् हिला वाईट व्हावं लागलं न्हाई."

"ह्याच्यासाठी मी चार म्हैने शोधत व्हतो?"

"मग त्या टायमाला घरी आला ते चांगलंच केलं म्हणायचं."

आबा मोटार चालू करायला मळ्यात निघून गेले. मी मनात आक्कांच्या बाजूची होते. भाऊ सुटला आणि तिला वाईट व्हावं लागलं नाही, हे मी दिवसभर घोळवलं. गोष्टी आपोआपही मिटतात. सरांना दुसरं काही काम निघेल. ठेकेदार येणारच नाही. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

शुक्रवारी काहीच झालं नाही. लायन नेहमीसारखी चालली, सर दोनदा आमच्या समोरून गेले आणि शीटबद्दल बोलले नाहीत. मला वाटलं, मिटलं. मी तसं ताईला म्हटलंसुद्धा. ती "हो" म्हणाली आणि डब्यातली अर्धी पोळी परत ठेवली.

शनिवारी चहानंतर ठेकेदाराचा माणूस आला. ताईला बोलावलं. तिनं मायक्रोमीटर फडक्यानं पुसला, त्याचं तोंड मिटवून शून्य येतंय ना ते बघितलं आणि डबीत ठेवला. एप्रनची गाठ सोडली. गळ्यातलं कार्ड काढून हातात घेतलं. हे सगळं तिनं इतकं सावकाश केलं की माझ्याकडं भरपूर वेळ होता. मी तरीही ती केबिनच्या आत गेल्यावर उठले.

"सर, ते आकडे मी लिहिलेत."

सरांनी मान वर केली. ताई म्हणाली, "हिचं काही ऐकू नका."

"ताई आजारी होती, फर्स्ट एडला होती. मी बारा आणि दोनचे आधीच भरले. माझे सात बघा."

सरांनी फाइलमधून शीट काढली, माझी त्या दिवशीची शीट काढली, शेजारी ठेवली. बघायला फार वेळ लागला नाही.

"बुधवारी का नाही सांगितलं?"

मी गळ्यातलं माझं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"काल तरी?"

"मला वाटलं मिटेल."

"कसं मिटेल?"

इंग्रजी पिक्चरमध्ये मिटलं होतं, असं केबिनमध्ये उभं राहून सांगता येत नाही.

त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. लिहून द्यायला सांगितलं. चार ओळी लिहायला मला पंधरा मिनिटं लागली. सर वाट बघत बसले, रागावले नाहीत. सही केल्यावर ते हळू म्हणाले, "सगळेच आधी भरून ठेवतात, मला काय माहीत नाही? पण वर कागद गेला की एक नाव द्यावं लागतं." हे त्यांनी सांगितलं याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मला एकटीलाच खोटं ठरवलं असतं तर मी ते जास्त दिवस धरून बसले असते.

ताईचं कार्ड त्यांनी तिला परत दिलं. माझं टेबलावर राहिलं. मग ताईनं विचारलं, "सर, यादीचं?"

"यादी काल संध्याकाळी गेली," सर म्हणाले. "तुमचं नाव काढून गेली. आता माझ्या हातात नाही."

ताईनं मान हलवली. कार्ड गळ्यात घातलं, एप्रन बांधला, लायनीवर गेली. मला शिफ्ट सुटेपर्यंत गेटजवळच्या बाकावर बसायला सांगितलं होतं, कारण बस तेव्हाच होती.

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. न्हावऱ्याला उतरताना म्हणाली, "गुरुवारी पिक्चर पायत बसली होतीस तवाच आली असतीस ना माह्यामागं खोलीत, तर आपण सरांले फोन केला असता." आवाजात राग नव्हता. रेशनच्या दुकानात उशिरा गेलं की साखर संपलेली असते, असं काही सांगत असल्यासारखी.

आठवड्यानंतर आबांनी मला दौंडकडच्या यवतला त्यांच्या साडूच्या भाजीच्या शेडमध्ये लावून दिलं. "हितं पिना न्हाईत, भेंडी हाय. मोजून भर म्हंजी झालं," एवढंच ते म्हणाले. काय झालं ते त्यांना ताईकडून कळलं होतं. आक्कांनी डब्यात लसणाची चटणी दिली. मला वाटलं होतं गावी परत जावं लागेल, आणि ते मला सगळ्यात जास्त नको होतं. ते टळलं. या माणसांचं माझ्यावर फार ऋण आहे.

मी आता यवतलाच राहते. ताई अजून त्याच खोलीत, त्याच लायनीवर, त्याच ठेकेदाराकडं. यादी त्यानंतर निघालेली नाही. दर महिन्याच्या सुरुवातीला मी तिला फोन करते.

"निघाली का गं ताई?"

"नाई."

"निघेल म्हणतात का?"

"म्हणतेत. तू जेवली का?"

मी जेवले असं सांगते. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारते.